स्वयंपाकघरातलं एक्स्चेंज

माझी बायको हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर कामाला होती. आता बोर्ड म्हणजे काय, हे हल्लीच्या माणसांना समजावून सांगावं लागतं, आणि मला समजावून सांगायचा मनस्वी कंटाळा आहे. पण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. तर एक उभी लाकडी पेटी, तिला ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकाच्या डोक्यावर इवलासा दिवा. वॉर्डातल्या कुणी फोन उचलला की त्याचा दिवा लागतो. ऑपरेटरने कॉर्डचं एक टोक त्या भोकात घालायचं, ‘बोला’ म्हणायचं, आणि दुसरं टोक ज्याच्याशी बोलायचं असेल त्याच्या भोकात घालायचं. दोघांनी फोन ठेवले की पुन्हा दिवा लागतो, तो दिसताक्षणी कॉर्ड काढायची. विसरलात तर दोन्ही फोन अडकून पडतात, आणि हॉस्पिटलात फोन अडकून पडला तर काय होऊ शकतं ते मी सांगायला नको. साऱ्या जगाने असले बोर्ड कधीच भंगारात घातले होते. आमच्या हॉस्पिटलच्या विश्वस्तांचं म्हणणं एकच, चालतंय ना, मग चालू दे.

ही त्या बोर्डावर लग्नाआधीपासून. मी शिंपी. खाली दुकान, वर घर. माझं गिऱ्हाईक मला त्याच्या मापावरून आठवतं, हिला माणसं आवाजावरून ओळखू येतात. बाजारात एखादा गृहस्थ हिच्याकडे बघून हसतो, तर ही आपली कोऱ्या चेहऱ्याने बघत राहते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग तो ‘नमस्कार’ म्हणतो आणि हिचा चेहरा उजळतो. ‘अगंबाई! एक्स-रे!’ म्हणजे तो गृहस्थ एक्स-रे विभागातला. नाव, गाव, बायकोची गुडघेदुखी, सगळं हिला ठाऊक, फक्त थोबाड माहीत नाही.

अशा बाईचा बोर्ड काढून टाकायचं ठरलं. नवे फोन येणार होते, कॉम्प्युटरच्या वायरीवर चालणारे. त्यांना बोर्ड लागत नाही, एक सर्व्हर लागतो आणि त्याची देखभाल करणारं एक माणूस. बाहेरून फोन आला तर आधी मशीन बोलणार, हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, आणि ज्यांना कुठलाच आकडा जमला नाही त्यांच्याशी ते माणूस बोलणार. ह्या सगळ्याचं काम बघायला हॉस्पिटलात एक तरुण अधिकारी नेमले होते. सगळे त्यांना नेटवर्कचे साहेब म्हणत. साहेब भले होते. त्यांनी दोघी ऑपरेटरांना बोलावून खरं ते सांगितलं. नव्या खोलीत खुर्ची एकच आहे. प्रात्यक्षिक परीक्षा होईल. कोरं मशीन देऊ, त्यावर छोटं एक्स्चेंज उभं करायचं आणि एका फोनवरून दुसरा फोन वाजवून दाखवायचा. जिचं नीट होईल तिची खुर्ची. दुसरीने तळघरातल्या लिनन स्टोअरमध्ये जायचं, म्हणजे चादरी आणि अभ्र्यांच्या खोलीत. पगार तोच.

‘मला चादरींच्या घड्या घालत बसायचं नाही,’ ही घरी येऊन म्हणाली. चप्पलसुद्धा काढली नव्हती. ‘चादरी बोलत नाहीत.’

‘कापडही बोलत नाही. मी बसलोच ना आयुष्यभर?’

‘तुमच्याशी बोलायला वर मी होते,’ ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिने मला माळ्यावर चढवलं. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर आमच्या माळ्यावर टाकून गेला होता. तो मी उतरवला, शिंकलो, आणि विचारलं की ह्याचं आता काय करायचं. ती म्हणाली, सर्व्हर. मी विचारलं, सर्व्हर म्हणजे? ‘दुसऱ्यांची कामं करायला जो कायम चालू असतो, तो.’ म्हणजे बायको, असं मी म्हणणार होतो, पण तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

आधी तो दुकानात ठेवला, कारण टेबल तिथेच मोकळं होतं. ही चूक आम्हांला लवकरच नडली. शिंप्याच्या दुकानातली हवा तुम्हांला दिसते त्याहून दाट असते. दोऱ्यांचे तंतू, अस्तराची लव, कातरलेल्या लोकरीचा भुगा. मशीन आपोआप बंद पडायला लागलं. उघडून बघतो तर आतला पंखा दिसेचना, त्याची गोधडी झाली होती. मी शिलाई मशीन साफ करायच्या ब्रशाने तो झाडून काढला, तेल घालू का म्हणून विचारलं, आणि तिने मला हाताला धरून बाजूला केलं. मग सर्व्हर वर स्वयंपाकघरात गेला, ओट्याच्या टोकाला, जिथे आधी पिठाचा डबा असायचा. पिठाचा डबा माझ्या खुर्चीच्या जागी आला. मी उभ्याने चहा प्यायला लागलो.

साहेबांनी ऑपरेटरांसाठी दोन-तीन वर्ग घेतले होते, बाकी सगळं ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकत होती. कढई गॅसवर, मोबाईल मिठाच्या बरणीला टेकवलेला. तिने त्या कॉम्प्युटरमध्ये अशी सिस्टीम घातली की जिच्यात ना चित्रं, ना माऊस. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. मला वाटलं, बिघडवला. ती एका बोटाने टाइप करायची, आणि मशीन म्हणायचं, अशी कमांड सापडत नाही. तेव्हा ही त्याला मोठ्याने सांगायची, ‘थांबा हं, बघते.’ मशीनशीसुद्धा अहो-जाहो. मी म्हणालो, तो तुला अरे-तुरे करतोय आणि तू त्याला मान देतेयस. ती म्हणाली, ‘समोरचा चिडला तरी आपण चिडायचं नसतं. हे बोर्डाचं पहिलं शिक्षण.’ हे शिक्षण घरी माझ्या वाट्याला कधी आलं नाही, ते सोडा.

एका बाबतीत मात्र मी कामाला आलो. नेटवर्कच्या वायरीच्या पोटात आठ बारीक तारा असतात, जोडीजोडीने पीळ घातलेल्या. त्या ठरलेल्या रंगांच्या क्रमाने लावून टोकाला प्लॅस्टिकची टोपी दाबून बसवायची. तिला ते जमेना. चष्मा वर, चष्मा खाली, आणि तारा हातातून सुटून पसरायच्या. मी तिच्या हातातून वायर घेतली. अंगठा आणि तर्जनीत तारा सपाट धरल्या, शिलाईच्या कडेसारख्या सरळ कातरल्या आणि आत सरकवल्या. तिने चिमट्याने दाबलं. पहिल्या झटक्यात बसलं. तेव्हापासून वायरींची टोकं माझ्याकडे आली. ती पाढे म्हणावेत तसा क्रम म्हणायची, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, आणि मी लावायचो. भांडण फक्त शेवटाला व्हायचं. मी म्हणायचो हा तपकिरी नाही, हा बदामी आहे. ती म्हणायची नेटवर्कमध्ये बदामी नसतो. मला आयुष्यात शिंपी म्हणून जेवढा आनंद झाला नसेल तेवढा त्या वायरी करताना झाला, हे मी तिला सांगितलेलं नाही.

मग एका दुपारी घरातलं इंटरनेट गेलं. गिऱ्हाइकाने ब्लाउजच्या गळ्याचा फोटो पाठवला होता, तो उघडेना. मी वर जाऊन कांगावा केला. ही काळ्या पडद्याकडे बघत बसली होती. प्रत्येक यंत्राला नेटवर्कमध्ये आकड्यांचा एक पत्ता मिळतो, हॉस्पिटलातल्या एक्स्टेन्शनसारखा, आणि तो वाटण्याचं काम कुणीतरी एकाने करायचं असतं. आमच्याकडे ते काम इंटरनेटचा डबा आधीपासून करत होता आणि आता सर्व्हरही करायला लागला होता. माझा मोबाईल कधी ह्याच्याकडून पत्ता घ्यायचा, कधी त्याच्याकडून, आणि कुठलाच धड लागू पडत नव्हता. मग ती एकदम हसायलाच लागली. ‘अहो, एका बोर्डावर दोन ऑपरेटर बसल्यात! ती म्हणतेय बालरोग पाच नंबर, ही म्हणतेय बालरोग सात!’ तिने डब्याचं पत्तेवाटप बंद केलं, एकट्या सर्व्हरकडे ठेवलं, आणि ब्लाउजचा गळा उघडला. त्या दिवशी तिने स्वयंपाक करता करता गाणं म्हटलं. मला वाटलं, बाई जिंकली.

अडचण आली ती फोनची. साहेबांनी सरावासाठी दोघी ऑपरेटरांना नव्या पद्धतीचा एकेक टेबलफोन दिला होता. एकीला एक. आता एक फोन घेऊन तुम्ही कुणाला फोन करणार? ही स्वतःचाच नंबर लावायची आणि मशीन सांगायचं, लाइन व्यस्त आहे. दुसरा फोन होता धाकटीकडे.

धाकटी म्हणजे बोर्डाच्या दुसऱ्या खुर्चीवरची. तशी तिशी ओलांडलेली बाई, पण ही थोरली म्हणून ती धाकटी, सारं हॉस्पिटल तिला ह्याच नावाने हाक मारायचं. बोर्डावर आली तेव्हा हिनेच तिला हाताला धरून शिकवलं होतं. ती वडिलांबरोबर एका खोलीत राहायची. तिथे कॉम्प्युटर नव्हता, आणि ठेवायचा म्हटला तर वडिलांची खाट बाहेर काढावी लागली असती.

‘मी तिला इथे बोलावलंय,’ ही मला म्हणाली. ‘ड्युटी झाली की रोज येईल. तिचा फोन घेऊन.’

मी इस्त्री खाली ठेवली. ‘खुर्ची किती?’

‘एक.’

‘आणि तू तिला शिकवणार. स्वतःच्या सर्व्हरवर. माझ्या वायरी लावून.’

‘तिच्याकडे फोन आहे.’

‘अगं, स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ह्याला!’

‘एकटीला येत नाही हो हे शिकता,’ ती म्हणाली. ‘पलीकडे कुणीतरी असल्याशिवाय फोन वाजणार कसा?’ मी आणखी जोरात इस्त्री केली.

धाकटी आली. हातात पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला फोन. मला ‘भाऊजी, येऊ का?’ विचारून आत आली, आणि रोज विचारूनच येत राहिली. मी आठवडाभर तिच्याशी तुटक वागून बघितलं. पण ती अशी काही मऊ बोलायची की तुटक वागण्यात मजाच उरली नाही. एका संध्याकाळी मीच तिला पिठाच्या डब्यावर जुनी उशी घालून बसायला जागा करून दिली.

एक फोन ओट्यावर सर्व्हरजवळ, दुसरा दारापलीकडच्या स्टुलावर. मध्ये स्विच नावाची छोटी पेटी, जिच्यात सगळ्या वायरींची टोकं येतात आणि हिरवे दिवे लुकलुकतात. पहिल्यांदा दारापलीकडचा फोन वाजला तेव्हा मी खाली दुकानात होतो. दोघी इतक्या किंचाळल्या की मला वाटलं कुणाला शॉक बसला. धावत वर गेलो, तर दोघी एकमेकींना धरून उड्या मारत होत्या. मग फोन पुन्हा लावला, ही ओट्यापाशी उभी राहून फोनमध्ये ओरडत होती, ‘येतंय का गं ऐकू?’ आणि धाकटी समोरूनच ओरडत होती, ‘येतंय ताई, येतंय!’ फोन नसता तरी गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असतं.

दुसऱ्या वेळी मात्र फोन वाजेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. दोघी काळ्या पडद्यासमोर बसल्या, हे तपास, ते तपास, मशीनला थांबा हं, मशीनला बघते. चहा झाला, स्वयंपाकाची वेळ टळली. शेवटी मी ताट घ्यायला हात पुढे केला तर काय, ओट्याजवळच्या खिळ्यावर झाऱ्याशेजारी एक वायर नीट गुंडाळून टांगलेली. स्विचमधली. मी ती उचलून दाखवली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पोट धरधरून हसल्या. बोलणं संपलं, फोन ठेवला, हाताने कॉर्ड काढली. इतक्या वर्षांचा हात तो. त्याला काय माहीत, आता काढायची नसते म्हणून?

मग हिने त्याचा बंदोबस्त सुरू केला. धाकटीची पाळी आली की ही उलथनं घेऊन तिच्या शेजारी उभी राहायची. धाकटीने फोन ठेवला, हात स्विचकडे वळला, की हातावर उलथन्याची टपली. ‘काढायची नाही! कायम लावून ठेवायची! इथे लाइन अडकत नाही!’ धाकटी ‘आई गं’ म्हणायची आणि हसायची. हळूहळू तिचा हात वळेनासा झाला. मग हिची पाळी. ही मशीन लावायची, फोन वाजवायची, बोलायची, ठेवायची, आणि वळून गॅसकडे बघायची. धाकटी स्टुलावरून उठून आत यायची, स्विचच्या मागून हात फिरवायची आणि पडद्यासमोर बसायची. मी पलीकडे उभा राहून चहा घेत असायचो. मला वाटायचं, मुलगी नीटनेटकी आहे, वायरी सरळ करते.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. हॉस्पिटलच्या एका खोलीत दोन टेबलं मांडली होती, प्रत्येकावर कोरं मशीन, स्विच, आणि दोन फोन. नियम साहेबांनी दारातच सांगितला. झालं की हात वर करायचा. हात वर केल्यावर मशीनला स्पर्श करायचा नाही, साहेब येऊन नंबर लावणार. खोलीचं दार काचेचं होतं. मी बाहेरच्या बाकावर बसलो, आणि शिपाई हाकलेना तेव्हा सरकत सरकत काचेशी गेलो.

काय सांगू, बघण्यासारखी बसली होती ती. पाठ ताठ, ओठ हलत होते, ‘थांबा हं’ चालू असणार. एका बोटाने टाइप करणारी बाई आता दोन्ही हातांनी करत होती. धाकटी कामात हिच्या मागे होती. हिने वायरी लावल्या. रंग बघत होती. स्विचवर हिरवे दिवे लागले. पहिला फोन उचलला, दुसरा वाजला. मला काचेतून आवाज आला नाही, पण फोनवरचा दिवा मी बघितला. तिने तो उचलून कानाला लावला, काहीतरी बोलली, हसली, आणि दोन्ही फोन ठेवले. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तिचा उजवा हात शांतपणे पुढे गेला, त्याने स्विचमधली वायर काढली, दोन वेढे घातले आणि खुर्चीच्या पाठीला अडकवली. मग तोच हात तिने वर केला.

मी काचेवर हात मारला. शिपाई म्हणाला, काका, बसा. ती साहेबांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिचा चेहरा इतका आनंदी होता की मला बघवेना. साहेब आले, फोन उचलला, नंबर लावला आणि कान देऊन उभे राहिले. पुन्हा लावला. मग त्यांची नजर खुर्चीच्या पाठीकडे गेली, आणि तिची त्यांच्या नजरेमागून गेली. तिने हात तोंडावर ठेवला. तोच हात. साहेबांनी फोन खाली ठेवला. नियम त्यांनीच सांगितला होता, आणि पलीकडच्या टेबलावर धाकटीने हात वर केला होता. तिचा फोन पहिल्या घंटीला वाजला.

वाटेत मी साहेबांना, परीक्षेला, हॉस्पिटलच्या विश्वस्तांना आणि वायर ज्याने शोधली त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. रोज मला गप्प बसवणारी बाई त्या दिवशी ऐकत चालली, त्यानेच मी घाबरलो.

संध्याकाळी दारात धाकटी उभी. पिशवी हातात. आज तिने ‘येऊ का’ विचारलं नाही, नुसतीच उभी राहिली.

‘ताई, मी साहेबांना सांगते. खुर्ची तुमची आहे.’

‘काहीतरी बोलू नकोस,’ ही ओट्यापाशी पाठमोरी होती. ‘माझाच हात, मीच काढली.’

‘तुम्ही रोज काढत होता,’ धाकटी म्हणाली. तिला रडू आवरेना. ‘रोज, ताई. एक दिवस चुकला नाही. मी आत आले की लावून टाकायचे, तुमच्या लक्षात यायच्या आत.’

मला ती रोज वायरी सरळ करताना दिसत होती.

हिने गॅस बंद केला. वळून विचारलं, ‘मी तुझ्या हातावर उलथनं मारत होते. तुला एकदा मला सांगता आलं नाही?’

‘तुम्हांला? बोर्ड मला तुम्ही शिकवलात. तुम्हांला मी कशी सांगू, ताई, तुमचं चुकतंय म्हणून? जीभच उचलायची नाही. म्हटलं, परीक्षेत भान राहील.’

माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. एवढा मान दिलास की बाईचं नुकसान केलंस, असं काहीसं. पण ही पुढे झाली, धाकटीच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि तिला पिठाच्या डब्यावर बसवलं. स्वतः खाली जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्याशी.

‘हे बघ,’ ती म्हणाली. ‘मला वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू? खूप वाटतंय. उद्या तिथे मशीन सुरू होईल आणि मी तळघरात असेन. आणि तुझा फोन वाजला तेव्हा मला आनंद झाला, तोही खराच झाला. दोन्ही एकदम होतंय, त्याला मी काय करू? पण खुर्ची सोडायचं नाव काढलंस तर खरंच उलथनं घेईन.’

धाकटीने हिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि दोघी रडल्या. मी भात लावला. मला तेवढंच सुचलं. जरा चिकट झाला, पण दोघींनी मुकाट्याने खाल्ला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ही लिनन स्टोअरमध्ये जायची आणि यायची. घरी आल्यावर बोलायची नाही. भांडायचीही नाही, हे जास्त वाईट. सर्व्हरवर तिने फडकं टाकलं होतं. मी मुद्दाम म्हणालो की नेटवर्कमध्ये बदामी रंग असतो, मी बघितलाय. ती म्हणाली, असेल. मी दुकानात जाऊन बसलो आणि त्या दिवशी एक बाही उलटी शिवली.

एका सकाळी ती डबा विसरून गेली. खरं म्हणजे मला निमित्तच हवं होतं. डबा घेऊन मी हॉस्पिटलच्या तळघरात उतरलो. लांबच लांब खोली, छतापर्यंत फळ्या, त्यांवर पांढऱ्या चादरींचे गठ्ठे. शेजारच्या धुलाईखान्यातून साबणाची गरम वाफ येत होती. ही टेबलापाशी अभ्रे जुळवत होती. आणि दारापाशी शिडीवर धाकटी चढलेली, दातात चिमटा, खांद्यावर वायरीचं भेंडोळं.

लिनन स्टोअरला कधीच फोन नव्हता. चादर हवी असेल तर वॉर्डातून माणसाने खाली यायचं, अशीच पद्धत. नव्या आराखड्यातही तिथे फोन नव्हता. धाकटीने साहेबांकडे जाऊन तो मागून घेतला होता, आणि वायर ओढायला माणूस न पाठवता स्वतः आली होती. ती खाली उतरली, टेबलावर फोन ठेवला आणि वायरीचं टोक माझ्याकडे धरलं. ‘भाऊजी, टोपी तुम्ही बसवा. माझी नीट बसत नाही.’ मी डबा खाली ठेवला आणि बसवली. ती ‘जाते ताई, वर फोन वाजत असतील’ म्हणून गेलीसुद्धा. ही अभ्रे जुळवत राहिली.

मग फोन वाजला.

हिने हात पदराला पुसले आणि उचलला. पलीकडून धाकटी काय म्हणाली ते मला तिने नंतर सांगितलं. एक आजोबा आहेत, मशीनचं बोलणं ऐकून घाबरलेत, त्यांच्या बायकोला कालपासून कुठल्या वॉर्डात ठेवलंय तेच त्यांना सांगता येत नाही, आणि मला इकडे दुसऱ्या लाइनवर तातडीचा फोन आहे, तर ताई, घेता का?

‘नमस्कार आजोबा,’ ही म्हणाली. ‘बोला. मी आहे इथे.’

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांत नाही. बोर्डाच्या खोलीत घरच्यांना मनाई होती, आणि बोर्डावर घरच्यांनी फोन करायचा नाही हाही नियम होता, आणि ही नियमाला पक्की. घरी सराव चालायचा तेव्हा ती नुसती ओरडायची. हा आवाज खालच्या पट्टीतला होता, सावकाश, आणि त्यात कुठेही घाई नव्हती. ज्याने तो ऐकला त्याला आपलं काम होणार असं वाटलं असतं. हा आवाज माझ्या घरात राहत होता, रोज माझ्यासाठी भाजी चिरत होता, आणि मला पत्ता नव्हता. बोर्ड गेला तेव्हा तिचं काय गेलं हे मला त्या तळघरात कळलं. तोवर मी नुसत्या शिव्या घातल्या होत्या.

‘काही हरकत नाही. रडायचं नाही. त्यांना काल आणलं तेव्हा काय होत होतं? छातीत दुखत होतं? बरं. आणि खिडकीतून काय दिसत होतं म्हणाल्या त्या तुम्हांला? झाड? मग मला कळलं त्या कुठे आहेत. धरा हं फोन. मी सोडणार नाही तुम्हांला, त्या बोलेपर्यंत मी आहे.’

तिने माझ्याकडे बघितलं आणि हातानेच बसा म्हणून खूण केली. बसायला खुर्ची नव्हती. मी चादरींच्या गठ्ठ्यावर बसलो. त्या आजोबांचं काम झालं, तोवर धाकटीने दुसरा फोन खाली दिला, मग बालरोगमधल्या सिस्टरचा आला, तिला चादरी हव्या होत्या. दुकानापुढे गिऱ्हाईक ताटकळलं असणार हे मला माहीत होतं. ताटकळू दे, म्हटलं.